गुडघा, छाती, टोपी

लिफ्टचं दार बंद होता होता बँकेच्या कंप्लायन्स विभागातली ती उंच बाई आत शिरली, हातातली बॅग तिने खाली ठेवली आणि निशिकांतचा बूट त्या बॅगेला लागला. झालं ते एवढंच. सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या त्या इमारतीत सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये कुणाचा बूट कशालाही लागतो, कोणी ढुंकून बघत नाही. पण निशिकांतच्या आईने लहानपणी लावलेलं वळण त्याच्या अंगातून पंचेचाळिशीतही गेलं नव्हतं. तो वाकला, बॅगेला बोटं लावली, मग तीच बोटं छातीला, मग कपाळाला. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. जांभई आली की हात तोंडावर जातो, तसं. सरळ होताना मात्र समोर लिफ्टच्या आरशात त्याला एक माणूस दिसला, टाय लावलेला, पुढून केस मागे हटलेला, बोटं अजून कपाळाशी टेकलेली. आरशातल्या त्या माणसाने आत्ता, सगळ्यांदेखत, साइन दिली होती, मैदानावर कोच खेळाडूला देतो तशी खूण. हात गुडघ्यापाशी, मग छाती, मग टोपी. म्हणजे तिसऱ्या बेसवरच्या गड्याने पळायचं, मागेपुढे न बघता होम, म्हणजे फेरी सुरू होते ती जागा, गाठायचं. "आर यू ओके?" बाईने विचारलं. "ओके, ओके," तो म्हणाला. त्याचा मजला आला, माणसं उतरली, तो तसाच उभा राहिला. लिफ्ट त्याला घेऊन वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. हाफिझ खरं बोलत होता, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

आता हे बेसबॉलचं काय लफडं ते सांगायला हवं, कारण निशिकांतच्या सख्ख्या मामांनाही ते शेवटपर्यंत उमगलं नव्हतं. मामा मरेपर्यंत 'आमचा निशी क्रिकेटचा कोच आहे तिकडे सिंगापुरात' असंच सांगत होते. अमरावतीला कॉलेजात असताना उंचीने मार खाल्लेला हा मुलगा क्रिकेटच्या टीममधून परत पाठवला गेला, आणि शेजारच्या मैदानावर काही पोरं चौकोनी पिशव्यांभोवती, म्हणजे बेसभोवती, धावत होती तिथे जाऊन उभा राहिला. त्यांना कॅचर हवा होता. कॅचर म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या समोर उकिडवं बसून दिवसभर चेंडू झेलणारा, ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो. ते काम याला असं आवडलं की विद्यापीठाच्या टीमपर्यंत गेला. अख्खं मैदान फक्त त्याला एकट्याला समोरून दिसायचं, बाकी सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. मग वडील म्हणाले, आता पुरे, याच्यावर घर चालत नाही. वडिलांचं काही चुकलं नव्हतं. निशिकांत हिशेबनीस झाला, चांगला झाला, शुभदाशी लग्न झालं, बँकेने सिंगापूरला पाठवलं, टॅम्पिनीसमध्ये फ्लॅट घेतला, मुलगी अनुया शाळेत जायला लागली. खेळ संपला असं तो मनाशी धरून चालला होता. आणि एका रविवारी बुकित बातोकला कुणाकडे सत्यनारायणाला गेलेला असताना, प्रसादाचा शिरा खाऊन, झब्बा-पायजमा अशा वेषात परत येताना, तिथल्या एका कॉलेजच्या मैदानाच्या जाळीमागून त्याने तो आवाज ऐकला. चेंडू कातडी ग्लव्हमध्ये बसतो तो आवाज. तो जाळीपाशी थांबला. शुभदा म्हणाली, "चला ना, अनुया पेंगायला लागलीय." तो म्हणाला, "एकच मिनिट." ते मिनिट अजून संपलेलं नाही, असं शुभदा अजूनही चारचौघात सांगते आणि सांगताना हसते.

त्या मैदानावर टीमचे हेड कोच मिस्टर कोह होते. सुकलेला, काटक, कमी बोलणारा म्हातारा. त्यांनी जाळीतून या झब्बेवाल्याला विचारलं, बघतोस काय, येतं का? निशिकांत झब्ब्याच्या बाह्या वर सारून उकिडवा बसला आणि त्याने त्यांच्या पिचरचे चेंडू एकामागून एक झेलून दाखवले. पायजमा गुडघ्यावर फाटला. त्यानंतर शनिवार-रविवार तो तिथेच. आधी नुसता मदतीला, मग कॅचरना शिकवायला, मग कोर्स केला, परीक्षा दिली, असिस्टंट कोच म्हणून कॉलेजने रीतसर नेमलं. सामना असेल तेव्हा तिसऱ्या बेसपाशी उभं राहून साइन द्यायचं काम त्याचं. बँकेत बढत्या येत गेल्या त्या त्याने फारशा लक्षात ठेवल्या नाहीत. पण कुठल्या पोराने कुठल्या साली खांदा दुखावला ते त्याला आजही विचारा. महाराष्ट्र मंडळात लोक थट्टा करत, अहो निशिकांतराव, क्रिकेट सोडून हे काय विटीदांडूचं फॅड? तो म्हणे, विटीदांडूच आहे हो, फक्त घरी परत यावं लागतं. आणि आता मिस्टर कोह निवृत्त होणार होते, हेड कोचची पूर्णवेळ जागा निघाली होती, आणि त्यांनी स्वतः विचारलं होतं, निशी, बँक सोडशील? महिनाभर घरात तोच विषय. पगार कमी होणार हे शुभदाला त्याच्याआधी कळलं होतं आणि तिने त्याच्याआधी हो म्हटलं होतं. आज, सोमवारी रात्रीपर्यंत, कोह कॉलेजला नाव कळवणार होते.

आणि मध्ये आला शनिवार. स्पर्धेचा शेवटचा सामना, शेवटचा डाव, एका रनने मागे, दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर हाफिझ उभा, मलय पोरगा, सडपातळ, टीममधला सगळ्यात वेगवान. बॅटवर त्यांचा सगळ्यात भरवशाचा फटकेबाज. काही करायचं नव्हतं, फटका बसेपर्यंत थांबायचं, एवढंच. फटकेबाजाने एक चेंडू वाकडा मारला, तो रेषेबाहेर घरंगळत निशिकांतच्या पायाशी आला, त्याने तो बुटाने अडवला, उचलून अंपायरकडे फेकला. पुढच्या चेंडूला हाफिझ सुटला. फटकेबाज चकित, समोरच्या संघाचा कॅचरही चकित, पण चेंडू त्याच्या हातात होता आणि हाफिझ धुळीत घसरत येऊन त्याच्या ग्लव्हवरच आदळला. आउट. तिसरा गडी गेला, सामना संपला. कोहांनी सगळ्या पोरांसमोर शांतपणे विचारलं, "तुला पळायला कोणी सांगितलं?" हाफिझ म्हणाला, "कोच निशीने. साइन दिली." कोह वळले. "निशी?" आणि निशिकांत छातीठोकपणे म्हणाला, "नाही." त्याला शंभर टक्के खात्री होती. कोहचा एकच नियम होता, हरणारा चालतो, खोटं बोलणारा चालत नाही. त्यांनी हाफिझला सोमवारी जर्सी परत द्यायला सांगितली. हाफिझने वाद घातला नाही, आकांडतांडव केलं नाही. तो फक्त निशिकांतच्या हातांकडे बघत राहिला. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. शनिवारी निशिकांतला त्या बघण्याचा राग आला होता, काय निगरगट्ट पोरगं आहे म्हणून. आणि आता लिफ्ट पुन्हा वर चालली होती आणि तो स्वतःच आपल्या हातांकडे बघत होता.

बुटाने अडवलेला चेंडू. बुटाने! म्हणजे वाकून उचलताना हात गुडघ्यावरून गेला असणार, आणि फेकून झाल्यावर तीच बोटं छातीला आणि टोपीला लागली असणार. असणार कसली, लागलीच. आईचा चेहरा त्याच्यासमोर आला. पुस्तकाला पाय लागला, नमस्कार कर. केरसुणीला लागला, नमस्कार कर. धाकट्या भावाला लागला, त्यालाही कर, लहान असला म्हणून काय झालं, आत देव आहे. आणि सगळ्यात वाईट गोष्ट त्याला मजल्यांच्या मध्येच कुठेतरी सुचली आणि तो आरशाला टेकला. या वर्षीच्या साइन ठरवल्या होत्या कोणी? त्यानेच. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये बेसिनसमोर उभं राहून, दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून. होम चोरायची, म्हणजे फटक्याविना होमकडे पळायची, साइन काही केल्या जमत नव्हती, नाक-कान-कोपर सगळं करून झालं, सगळं ओढूनताणून वाटायचं. मग एकदम हात गेला, गुडघा, छाती, टोपी, किती सहज! हीच, तो स्वतःशी म्हणाला होता, ही आपल्या हाताला बसलीय. बसणारच. चाळीस वर्षं बसलेली होती. त्याने काहीही नवीन शोधलं नव्हतं, आईचीच गोष्ट उचलून पोरांच्या हातात दिली होती, आणि वर त्यातल्या एका पोराला खोटारडा ठरवलं होतं.

कसाबसा तो आपल्या जागी जाऊन बसला, आणि जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून नदीकाठच्या कठड्यापाशी जाऊन त्याने शुभदाला फोन लावला.

"शुभदा, तो हाफिझ खरं बोलत होता."

"कोण? तो पळालेला?"

"साइन मीच दिली होती. चेंडू पायाला लागला आणि मी..."

"अग्गबाई! चेंडूला नमस्कार केलात?" आणि ती हसायलाच लागली. "अहो, लग्नात सप्तपदीला माझा पाय तांदळाच्या राशीला लागत होता आणि नमस्कार तुम्ही करत होतात! भटजी म्हणाले, जावईबापू, तुम्ही नुसतं चाला!"

"हसू नकोस गं."

"नाही हसत." ती खरंच थांबली. "म्हणजे ते पोरगं शनिवारपासून खोटारडं म्हणून फिरतंय?"

"हो."

"मग माझ्याशी काय बोलत बसलाय? जा आधी."

"आणि हेड कोचचं?" हे विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण विचारलं खरं. "हे ऐकल्यावर कोह माझं नाव देतील का? स्वतःचा हात ज्याला कळत नाही..."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. "हे बघा," ती म्हणाली, "मला ती नोकरी तुमच्याहून जास्त हवीय. बँकेतून येता तेव्हा तुम्ही नुसते येता, बूट काढता, जेवता. मैदानावरून येता तेव्हा घामाने चिंब, बडबड बडबड करत, अनुयाच्या मागे लागत. तो माणूस मला रोज घरी हवाय. पण असा लपून नकोय." मग जरा खालच्या आवाजात, "जा हो. जेवलात का?" तो जेवला नव्हता. जेवलो म्हणाला.

बँकेतून सुटून बुकित बातोकला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. एमआरटी मेट्रोत बसल्या बसल्या त्याने हाफिझला फोन केला होता, तीनदा, कोणी उचलला नाही. मैदानावर मिस्टर कोह बाकावर एकटेच, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतली कोपी, म्हणजे तिथली दाट कॉफी, शेजारी घडी घातलेली एक जर्सी. म्हणजे हाफिझ येऊन गेला होता. निशिकांतने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, श्वास न घेता, नमस्कार म्हणजे काय, पाय लागणं म्हणजे काय, आई, चेंडू, लिफ्ट. कोहांनी पिशवीतली नळी तोंडातून काढली. "कर," ते म्हणाले. निशिकांतने बाकाखालच्या बॅटला बुटाचं टोक लावलं, वाकला, बोटं लावली, छाती, कपाळ. "परत." त्याने परत केलं. "आय्या," कोह म्हणाले आणि डोळे मिटले. "हे मी किती वर्षं बघतोय, निशी. बॅटला, बेसला, एकदा माझ्या चपलेला. मला वाटायचं तुझी कंबर दुखते, म्हणून तू वाकतोस." निशिकांतला हसू फुटलं आणि लगेच विरलं, कारण कोह हसत नव्हते.

"साइन कोणी ठरवल्या?" त्यांनी विचारलं.

"मी."

"हात तुझा, साइन तुझी, आणि जर्सी त्याची गेली." त्यांनी जर्सीवरची न दिसणारी धूळ झटकली. "मीही त्याला सगळ्यांसमोर बोललो. म्हणजे सगळ्यांसमोरच शब्द परत घ्यावे लागतील. ते मी घेईन. म्हातारपणी तेवढं जमेल लाह." वाक्याच्या शेवटी तो सिंगापुरी 'लाह' त्यांच्या तोंडी नेहमीचाच. मग जर्सी निशिकांतच्या हातात देत ते म्हणाले, "हाफिझ परत येतो म्हणाला तर मी रात्री फोन करून तुझं नाव देतो. तो नाही आला तर कोणत्या तोंडाने देऊ?" यात राग नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांनी निशिकांतला कधी रागाने काही म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच निशिकांत जर्सी घट्ट धरून तसाच निघाला.

हाफिझची बिल्डिंग मैदानापासून लांब नव्हती. तो रस्ता निशिकांतला पाठ होता, पावसाळी दिवसांत कितीदा त्याने या पोराला छत्रीतून घरापर्यंत सोडलं होतं, त्याच्या आईच्या हातचा गोड चहा प्यायला होता. त्या बाईसमोर आता उभं राहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. काय म्हणणार? तुमचा मुलगा खोटं बोलला नाही, माझ्या आईने मला वळण लावलं होतं? त्याला आईची आठवण आली आणि पहिल्यांदाच थोडा रागही आला, की इतकं पक्कं कशाला शिकवलंस गं बाई. आणि मागोमाग वाटलं, तिने काय चुकीचं शिकवलं? ज्याला पाय लागला त्याला लागलीच हात लावायचा, मग पुढे जायचं. उद्यावर टाकायचं नाही. शनिवारी आपण चेंडूला नमस्कार केला आणि पोराला तुडवून तसेच घरी गेलो, वर रात्री पोटभर जेवलो. हे मनात आलं तेव्हा तो भर रस्त्यात थांबला, मागून येणारी सायकल घंटी वाजवत वळसा घालून गेली.

बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, जिथे भिंतीवर चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटी आहे, बरोब्बर त्या पाटीखाली हाफिझ एकटा भिंतीवर चेंडू मारत होता. टप, परत हातात. टप, परत हातात. त्याने निशिकांतला पाहिलं, हातातल्या जर्सीला पाहिलं आणि चेंडू भिंतीऐवजी त्याच्याकडे फेकला. जोरात. निशिकांतच्या हातात ग्लव्ह नव्हता. त्याने जर्सी खांद्यावर टाकली आणि उघड्या तळव्यांनी चेंडू झेलला, झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. त्याने परत फेकला. हाफिझने त्याहून जोरात मारला. कॅचर माणूस, झेलत राहिला. टाय मागे उडाला, शर्ट बाहेर आला, तळहात लालभडक झाले, डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. फेकता फेकताच तो बोलत होता. "तू खरं बोललास. मी साइन दिली होती. मला कळलंच नाही. आज आरशात बघितलं." हाफिझचा पुढचा चेंडू वाकडा आला, टप्पा पडून निशिकांतच्या बुटाला लागला आणि थांबला.

दोघांनीही त्या चेंडूकडे पाहिलं. निशिकांतला वाटलं, आता हात आवरावा. आवरला नाही. तो वाकला, चेंडूला बोटं लावली, छातीला, कपाळाला. हाफिझ ओरडला, "दॅट वन! कोच, दॅट वन! सेम सेम!" आणि शनिवारपासून त्याने पोटात दाबून धरलेलं सगळं त्या ओरडण्यात बाहेर आलं. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "मी म्हटलं होतं! कोणी विश्वास ठेवला नाही!"

"हो रे. म्हटलं होतंस."

"काय आहे ते?"

"माफी मागतो आम्ही. पाय लागला की."

"बॉलची?"

"बॉलची. बॅगेची. कशाचीही. माणसाला लागला तर माणसाची."

हाफिझने यावर विचार केला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बाई चिनी भाषेत ओरडली, चेंडूचा आवाज बंद करा असंच काहीतरी असणार. "पण मला तर तुमचा पाय लागला नाही," तो म्हणाला.

"लागला," निशिकांत म्हणाला. "जोरात लागला रे." आणि तो पुढे झाला, त्याने हाफिझच्या खांद्याला बोटं लावली, मग स्वतःच्या छातीला, मग कपाळाला. या खेपेला नकळत नाही. एवढ्याशा गोष्टीला किती वेळ लागतो हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. बोटं कपाळाशी थांबली.

हाफिझ खाली बघत बुटाने फरशी उकरत होता. मग त्याने नाक ओढलं आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाला, "कोच, ही सवय तुम्हाला सोडता येणार नाही. कॅनॉट लाह. मग असं करा. ही वाइप-ऑफ ठेवा."

निशिकांतने मान वर केली. वाइप-ऑफ म्हणजे पुसायची साइन. ती दिली की त्याआधी दिलेलं सगळं रद्द, कोऱ्या पाटीवर पुन्हा सुरुवात. आजपर्यंत ती एका हाताने दुसरा दंड पुसून द्यायची पद्धत होती.

"मग तुम्ही कितीही वेळा केलं तरी कोणी पळणार नाही," हाफिझ म्हणाला. "सगळे समजतील, कोच परत पहिल्यापासून सांगणार."

इतकं साधं! बेसिनसमोर साबण वाळेपर्यंत उभं राहून ते त्याला सुचलं नव्हतं. त्याने खांद्यावरची जर्सी काढून पुढे केली. हाफिझने ती लगेच घेतली नाही. आधी त्याच्या लाल तळहातांकडे पाहिलं, शनिवारी पाहिलं होतं तसंच, मग जर्सी घेतली आणि टी-शर्टवरूनच गळ्यात घातली. डोकं आत अडकलेलं असतानाच त्याने विचारलं, "उद्या प्रॅक्टिस किती वाजता, कोच?"

निशिकांतने वेळ सांगितली. आवाज चिरकला, पण हाफिझचं डोकं अजून जर्सीतच होतं.